सात मात्रांचं थोपटणं

समोरच्या दारात राहणारा मोटरवाला सुरुवातीला मला अजिबात आवडला नव्हता. माणूस बोलताना समोरच्याकडे बघतो, निदान बघितल्यासारखं तरी करतो. हा बोलताना बोटांनी काहीतरी वाजवत असायचा. जिन्याचा कठडा, दुधाची पिशवी, स्वतःची मांडी, हाताला लागेल ते. माझ्या शिलाई मशीनची मोटर जळाली तेव्हा मी त्याला पहिल्यांदा घरात बोलावलं. मोटर खोलायच्या आधी त्याने माझ्या कटिंगच्या टेबलावर चार थापा मारून बघितल्या आणि म्हणाला, "मावशी, टेबल छान वाजतं हो तुमचं."

"टेबल वाजवायला नाही बोलावलं तुला. मशीन वाजत नाहीये, ते बघ," मी म्हटलं.

तो हसला. मोटर मात्र अशी भरून दिली की आजतागायत कुरकुरली नाही. घरीच जळक्या मोटरी भरून द्यायचं काम करायचा तो. जुनी तार उसकटायची, तांब्याची नवी तार एकेक वेढा मोजत घालायची, वर वार्निश. त्या वार्निशचा वास आमच्या मजल्यावर कायम असायचा, आणि मी त्यावरून त्याच्याशी दोनदा कडाकडा भांडलेसुद्धा आहे.

त्याची बायको नर्स. मोठ्या इस्पितळात, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. आणि दोन वर्षांची मुलगी. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण मी तिला बटण म्हणते, कारण रांगायला लागल्यापासून माझ्या घरात येऊन ती तेवढंच शोधते. लेक झाली तेव्हा नवराबायकोने हिशेब केला. बायकोची नोकरी पक्की, याची मिळकत कधी आहे कधी नाही. तेव्हा घरी राहायचं याने. भांडण नाही, तंटा नाही, सरळ ठरलं. दुसऱ्या कुणाच्या घरात एवढं सरळ काही ठरताना मी पाहिलेलं नाही.

पण त्या हिशेबात एक गोष्ट गेली. तो एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्याचे मित्र त्याला ठोक्या म्हणायचे. पाच जणांचा बँड, लग्नाच्या आधीपासूनचा. रात्री-बेरात्रीचे कार्यक्रम, गावोगावचा प्रवास, ते तान्ह्या पोरीबरोबर कसं जमायचं? त्याने सोडलं. मित्रांनी सुरुवातीला फोन केले, मग कमी केले, मग नुसतेच वाढदिवसाचे निरोप. त्यांचंही काही चुकलं नाही. बोलावलं की हा नाही म्हणायचा, आणि सारखं नाही म्हणणाऱ्याला किती दिवस बोलावणार? ड्रम घरातच होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्यावर पोरीच्या कपड्यांच्या घड्या आणि बाकीच्यांवर तारेची रिळं. घरात वाजवायची सोय नाही. बायको रात्रपाळी करून आली की दिवसा झोपते, आणि भिंती तर अशा की मी इकडे शिंकले की तिकडून तो म्हणतो, "जपा, मावशी."

बायको झोपलेली असली की तो पोरीला घेऊन बाहेर पडायचा. दोघं नवराबायको भेटायचे ते दारात. ती आत येताना तो बाहेर, मधे पोरगी या कडेवरून त्या कडेवर. मी मशीनला कापड लावता लावता उघड्या दारातून हे रोज बघायचे. प्रेम होतं हो, नव्हतं असं नाही. पण प्रेमालाही कधीतरी बसायला वेळ लागतो.

एकदा बागेतून परत येताना तो माझ्या दारात टेकला आणि म्हणाला, "मावशी, एक गंमत सांगू? दिवसभर किती लोक बोलतात आमच्याशी! काय गोड आहे, नाव काय, किती दात आले. सगळे हिच्याशी. माझ्याकडे कुणी वर बघतच नाही. मी म्हणजे हिची खुर्ची."

हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही. माझा मुलगा दूरच्या शहरात असतो. रविवारी फोन करतो, आणि तो फोन ठेवल्यावर घर कसं होतं ते मला माहीत आहे. म्हणून मी त्याला म्हटलं, "खुर्ची तर खुर्ची. ये, बस, चहा घे." तेव्हापासून आमचं जमलं.

आता थोपटण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बटण फक्त बापाच्या थोपटण्याने झोपायची. आईने थोपटलं तर डोळे टक्क उघडे. मी थोपटलं तर उठून बसायची आणि माझ्याकडे असं बघायची, जणू मी तिच्या पाठीवर धूळ झटकतेय. मला राग यायचा. एक मुलगा वाढवलाय मी, मला कुणी थोपटायला शिकवायचं?

"मावशी, तुम्ही चारात थोपटता," एकदा तो म्हणाला. "हिला सातात लागतं."

"काय सातात?"

त्याने माझ्या टेबलावर दाखवलं. एक दोन तीन, एक दोन, एक दोन. एक दोन तीन, एक दोन, एक दोन. ऐकायला सोपं. त्याने बँडमध्ये असताना एक गाणं या ठेक्यावर बसवलं होतं. चाल गाणाऱ्याची, पण ठेका याचा. तेच लोकांना सगळ्यात आवडायचं. पोरगी पोटात होती तेव्हा तो बायकोच्या शेजारी बसून उशीवर हेच वाजवत असायचा. बाहेर आल्यावर तिने दुसरं काही चालवूनच घेतलं नाही.

आणि मग तो फोन आला. बँडमधला गाणारा, ज्याला हे सगळे दादा म्हणतात, त्याचा. गावाबाहेरच्या मैदानावर संगीताचा मोठा उत्सव व्हायचा होता. तीन मंच, दिवसभर कार्यक्रम. लहान मंचावर दुपारनंतर यांचा बँड होता. दादा म्हणाला, "ये रे. आत मंचाच्या मागे सोडत नाहीत, मनगटाला पासाचा पट्टा लागतो, ते जाऊ दे. तू समोर गर्दीत उभा राहा. शेवटच्या गाण्याआधी मी माइकवरून हाक मारीन. हात वर कर, सगळ्यांसमोर वर घेतो तुला. तुझं गाणं तूच वाजव."

हे सांगताना मोटरवाल्याची बोटं एकदम थांबली होती. ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

बायकोची त्या दिवशी पाळी होती, बदलून मिळेना. ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही जाल का याच्याबरोबर? एक गाणं होईपर्यंत फक्त हिला धरायचं. हा मागत नाही कधी काही. एकदा वाजवू दे त्याला."

मी तोंडावर दाखवलं नाही, पण मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कोणीतरी मला कुठेतरी बोलावलं होतं. मी लगेच कपाटातली चांगली साडी काढली आणि मग पोरीला उचलायचं म्हणून परत ठेवली.

आठवडाभर आमची तालीम. मांडीवर उशी घेऊन मी थोपटायचे आणि तो समोर बसून ऐकायचा. मला येईना. आयुष्य मशीनवर गेलं माझं, पाय चालतात ते सम आकड्यात. पहिले तीन बरोबर, मग दोन, आणि शेवटच्या दोनाला माझा हात आपोआप आणखी एक मारायचा. "आठ झाले, मावशी." "होऊ दे. एक जास्त दिला, घे." "तिला नाही चालत." शेवटी मीच म्हटलं, झोपली तर थोपटायचं ना? मी तिला झोपूच देत नाही. तुझं गाणं होईस्तोवर नाचवते.

ठरल्याप्रमाणे निघालो. बाबागाडी घेतली होती. तिचं काय झालं ते सांगते. मैदानाच्या फाटकापासून आत सगळी जाड खडी टाकलेली. चाकं एवढीशी. दहा पावलांत ती रुतून बसली, आणि मोटरवाल्याने ती उलटी करून ओढायला घेतली तेव्हा बटणने खाली उतरायचं जाहीर केलं. "मी!" म्हणजे मी चालणार. चालली. पण कुठे? लहान मंच उजवीकडे, तर ही डावीकडे. एका कुत्र्याच्या मागे, मग एका लाल बुटांच्या मागे. मग खाली बसून खडी निवडायला लागली. एक खडा मला, एक बापाला, एक तोंडात. तोंडातला काढायला गेलो तर तिने असं भोकाड पसरलं की आजूबाजूचे लोक आमच्याकडे बघायला लागले.

तिच्या कानांवर आवाज अडवणारी जाड गोल टोपणं घालायची होती. बायकोने बजावून दिली होती. ती डोक्यावर ठेवली की ही काढून बाबागाडीला घालायची. शेवटी मोटरवाल्याने तिच्याकडे न बघता ती स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि फार मजा येतेय असं तोंड केलं. लगेच हिसकावून घेतली तिने. बापाला पोरगी पुरती पाठ होती.

मग शी. मग ओळीने उभ्या निळ्या संडासांसमोरची रांग. मग ओल्या गवतावर अंथरलेला टॉवेल आणि त्यावर तिची पलटी. मग केळं. केळं अर्धं तिच्या पोटात, अर्धं माझ्या पदराला. मोठ्या मंचावरून धडाधड गाणी येत होती आणि तो त्यातलं एकही ऐकत नव्हता. त्याचा एक कान उजवीकडे लागलेला. चार जणांचे घोळके हातात पेले घेऊन एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आमच्या शेजारून जात होते. सगळे थांबायचे, वाकायचे, "अगं बाई, किती गोड!" म्हणायचे आणि पुढे जायचे. एकीने तर तिच्या गालाला हात लावता लावता पाठीवरची पिशवी त्याच्या तोंडावर मारली आणि तिला कळलंसुद्धा नाही. तेव्हा मला त्याचं खुर्चीचं बोलणं आठवलं.

लहान मंचाजवळ पोहोचलो तेव्हा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला होता. दुरूनच त्याने एकेकाला ओळखलं. "तो दादा. जाड झालाय. तो कीबोर्डवाला. तो..." ड्रमवर एक नवा मुलगा होता. केस डोळ्यांवर आलेला, दंड उघडे. चांगला वाजवत होता, खोटं कशाला बोलू.

आवाजाची यंत्रं ठेवलेल्या तंबूशेजारी जरा कमी दणदणाट होता, तिथे आम्ही जागा धरली. मंचावरून दिसेल अशी. बाबागाडी तंबूच्या दोराला टेकवली. मी म्हटलं, "आण तिला इकडे. आता तू हात मोकळे ठेव."

आणि तेव्हा बटणच्या लक्षात आलं की चिंधी नाही.

चिंधी म्हणजे माझ्याच कातरणातला मखमलीचा एक जांभळा तुकडा. तो मुठीत असल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. "चिंई! चिंई!" म्हणून तिने आक्रोश सुरू केला. दुपारची झोप बुडालेली, कानाला टोपणं, वर हा गोंधळ. ती माझ्याकडे यायलाच तयार होईना, बापाच्या मानेला घट्ट. मला वाटलं, चिंधी आणली की शांत होईल, माझ्याकडे येईल. मला आठवतही होतं, रांगेत उभे असताना होती तिच्या हातात. "आत्ता आणते," मी म्हटलं. "शेवटच्या गाण्याला वेळ आहे ना?"

"आहे, आहे. तीन-चार गाणी आहेत अजून."

मी गेले. संडासांपाशी नव्हती. टॉवेल अंथरला होता तिथे नव्हती. शेवटी पाण्याच्या नळाखाली सापडली, चिखलात, कोणाच्या तरी बुटाने तुडवलेली. मी ती नळाखाली धरून खसाखसा चोळत होते, तेव्हा भोंग्यातून दादाचा आवाज आला.

"आता शेवटचं गाणं. हे ज्याने बसवलं तो आमचा ठोक्या आज इथे आलाय. यायचं म्हणाला होता. ठोक्या! कुठे आहेस रे? हात वर कर!"

मी ओली चिंधी तशीच घेऊन पळत सुटले. या वयात, त्या खडीवरून. मनात म्हणत होते, आता करेल, आता करेल. लोक माना वळवून इकडे तिकडे बघत होते. मधे एवढी गर्दी की मला काही दिसेना.

"ठोक्या! अरे हात वर कर, लाजतोस काय!" लोक हसले. थोडा वेळ काहीच नाही. मग दादा म्हणाला, "नाही आला वाटतं. घरी लंगोट बदलत असेल." परत हशा. आणि गाणं सुरू झालं.

मी कोपरांनी वाट काढत पोहोचले. त्याला जिथे सोडलं होतं तिथेच तो उभा होता, मंचाकडे तोंड करून. बटण त्याच्या खांद्यावर गाढ झोपली होती. चिंधीबिंधी काही नाही, झोपली होती. एक हात तिच्या खाली, दुसरा पाठीवर. तो थोपटत होता.

"दे, दे मला, आणि जा पळत!" मी ओरडले.

त्याने मान हलवली. नाही.

"अरे, आत्ता कुठे सुरू झालंय! मी सांगते त्यांना!" मी हात वर करून हलवलेही. चिंधी फडकावली. मंचावरून कोण बघतंय? शेकडो हात वर होते, सगळे टाळ्या धरत होते. माझा त्यातलाच एक.

मग माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. लोक टाळ्या वाजवत होते ते सरळ, समात, माझ्या मशीनसारखे. मंचावरचा तो मुलगाही तसंच वाजवत होता. आणि याचा हात वेगळाच चालला होता. एक दोन तीन, एक दोन, एक दोन. त्या एवढ्या दणदणाटात तो त्याचा त्याचा हात सांभाळत होता, जराही न चुकता. कपाळावर घाम आला होता. आजूबाजूला एवढी माणसं, आणि इतका एकटा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मला रडूच आलं, स्पष्ट सांगते.

गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या. मंचावरच्या पाचही जणांनी एकमेकांच्या कमरेत हात घालून वाकून नमस्कार केला आणि ते आत गेले.

परत येताना रिकामी बाबागाडी मी ओढली. तो पोरीला खांद्यावर घेऊन चालत होता. मला त्याचा राग आला होता, माझा राग आला होता, त्या दादाचा तर विचारूच नका.

"चारात बसवलंय त्यांनी," तो म्हणाला. "लोकांना टाळ्या धरता याव्यात म्हणून. बरोबर आहे त्यांचं. पण त्या ठेक्याने ही उठत होती सारखी."

"ते चारात बसवोत नाहीतर चाळीसात!" मी फुटलेच. "एक हात! एक हात वर करायला काय लागतं रे माणसाला? नावाने हाक मारत होता तो तुला. दोनदा! पोरगी उठली असती तर उठली असती. रडली असती. मरून नसती गेली! बायकोला काय सांगणार आहेस तू आता?"

फाटक आलं. खडी संपून डांबरी रस्ता लागला आणि बाबागाडीची चाकं एकदाची नीट फिरायला लागली.

"केला होता," तो म्हणाला.

"काय?"

"हात. वर केला होता."

"मी आले तेव्हा तर..."

"तुमच्या आधी. पहिल्या हाकेला." तो थांबला, आणि कसा केला होता ते दाखवायला त्याने पोरीच्या पाठीवरचा हात सावकाश उचलला. पाठीपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून कानापर्यंत. तिथेच थांबला. "एवढा झाला होता. मग हिने मान हलवली."

झोपेतच बटण कुरकुरली. त्याने हात खाली आणला आणि परत तिच्या पाठीवर ठेवला.